होल्डचा टॅग सकाळपर्यंत टिकतो का?

या आठवड्याचं पत्र कोल्हापूरजवळच्या उचगावहून आलंय. थोडं कापून देतो.

'काका, नमस्कार. मी मूळची कागल तालुक्यातली, सध्या उचगावात मावशीकडं राहते. फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. करून दोन वर्षं झाली. गोकुळ शिरगावला एका मसाल्याच्या युनिटमध्ये आहे. कांदा-लसूण मसाला, मिरची पावडर, थोडी लोणची. लॅब, लेबलं, लायसन, मिरचीची खरेदी, सगळं माझ्याच अंगावर. पगार १८ हजार. मालक चांगले आहेत, पण पुढं काय ते दिसत नाही. आता एका मोठ्या बिस्किट-नमकीनच्या कंपनीकडून पुण्याकडच्या रांजणगावच्या प्लांटची ऑफर आलीय. क्वालिटी एक्झिक्युटिव्ह, वर्षाला ४ लाख २० हजार, तीन पाळ्या. कंपनीचं नाव घेतलं तर शेंबडं पोरही ओळखेल. आई खूश आहे. पप्पा म्हणतात, गोकुळ दूध संघात नाहीतर वारणेत बघ, रात्रपाळी कशाला करतीस. कॉलेजचे सीनियर म्हणतात, तिथं पिळून काढतात आणि तुझं काम फक्त सह्या करायचं. आणि एक गोष्ट घरी कुणालाच बोललेली नाही. तिथं जे बनतं ते मी माझ्या भाच्याला देत नाही. मग तिथं नोकरी करणं बरोबर आहे का? तुम्ही अशाच कंपन्यांत आयुष्य काढलंय, म्हणून विचारते. पंधरा दिवसांत कळवायचं आहे. — आर.'

आर., सुरुवात पैशापासून करतो, कारण '१८ वरून एकदम ३५' हा हिशोब तुझ्या घरात एव्हाना झाला असणार. ४ लाख २० हजाराला बारानं भागलं की ३५ हजार येतात हे खरं, पण तो आकडा सीटीसीचा आहे, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ धरलेला असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते आणि बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या आसपास 'व्हेरिएबल' असतं. ते वर्ष संपल्यावर मिळतं, तेही प्लांटचं आणि तुझं रेटिंग बघून. आता कागद घे. ३५ हजारांतून व्हेरिएबलचे साडेतीन हजार काढ, कंपनीच्या पीएफचे १,८०० काढ, ग्रॅच्युइटीचे सात-आठशे काढ. मग तुझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात येतात २७ हजारांच्या आसपास. त्यातून कारेगावला किंवा शिक्रापूरला तिघीचौघींत मिळून खोली, मेस, सणावाराला घरी यायचं भाडं. मावशीकडं राहून १८ हजारांत जेवढं उरतंय, त्यापेक्षा फार काही जास्त उरणार नाही, पहिल्या वर्षी तर नाहीच. पीएफ साठेल तेवढा खरा. तेव्हा पैशासाठीच जायचं असेल तर इथंच थांब आणि मालकांकडून पगार वाढवून घे. दुसऱ्या कारणांसाठी जाणार असशील तर पुढचं वाच.

ऑफर लेटरच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे? कंपनीचं, की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं? हे तू पत्रात लिहिलं नाहीस आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघायला हवं. एकाच लाइनवर, एकसारखा पांढरा कोट घालून दोन मुली उभ्या असतात. एक ऑन-रोल, म्हणजे कंपनीची; दुसरी ऑफ-रोल, म्हणजे एजन्सीची. काम तेच, ऑडिटला उत्तरं दोघींनी द्यायची, पण अप्रेझल, बढती, बदली हे एकीलाच. दुसरीचं कंत्राट ठरावीक मुदतीनं वाढवत राहतात. 'वर्षभरात ऑन-रोल करू' असं तोंडी सांगतात. काहींना करतातही. पण त्या तोंडी शब्दावर घर सोडून जाऊ नकोस. लेटर एजन्सीचं असेल तर माझं उत्तर सरळ 'नाही' आहे. खालचं काही वाचलं नाहीस तरी चालेल.

प्लांट कंपनीचा स्वतःचा आहे का, हेही बघून घे. लोकांना वाटतं मोठ्या नावाचं प्रत्येक पाकीट त्या कंपनीच्याच कारखान्यात भरलं जातं. तसं नसतं. बराच माल थर्ड पार्टीकडं बनतो. रेसिपी, पाकिटाची फिल्म, नाव कंपनीचं, कारखाना आणि कामगार दुसऱ्याचे. उद्या दुकानात गेलीस की त्या कंपनीची दोन-चार पाकिटं उलटी करून बघ. उत्पादक कोण आणि विक्री करणारा कोण हे वेगवेगळं छापलेलं असेल. एकापेक्षा जास्त पत्ते असतील तर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बॅच नंबरची पहिली अक्षरं बघा, त्यावरून कुठल्या कारखान्याचा माल ते कळतं. तू स्वतः लेबलं करतेस, तुला हे नवीन नाही. पण नोकरीच्या आधी पाकीट वाचणारा उमेदवार मी फार कमी बघितलाय. थर्ड पार्टीकडचं काम वाईटच असतं असं नाही. मात्र तिथं दोन मालक असतात, एक समोरचा आणि एक फोनवरचा.

आता आत कसं असतं ते.

गेटवर मोबाइल जमा. मग चेंज रूम. बांगड्या, कानातलं, घड्याळ, गजरा, टिकली, सगळं लॉकरमध्ये. नेलपेंट असेल तर आत सोडत नाहीत. लग्न झालेल्या बायकांचा पहिला आठवडा मंगळसूत्र काढून ठेवण्यात जड जातो. सासूला कसं सांगायचं, हा प्रश्न मला एकीनं इंडक्शनमध्येच विचारला होता. (मी सांगितलं, सांगू नकोस. आजही तेच सांगेन.) केसांवर जाळी, त्यावर टोपी. बोटाला कापलं तर पट्टी निळ्या रंगाची, कारण निळ्या रंगाचं खाणं नसतं, पिठात पडली तर लगेच डोळ्यांत भरते. त्या पट्टीत धातूचा बारीक पत्रा असतो, म्हणजे डोळ्यातून सुटलीच तर मशिननं पकडावी. तुझ्या युनिटमध्ये मिरची कांडपावर बसलेली मावशी पदर तोंडाला बांधून काम करते. मोठ्या प्लांटमध्ये दाराबाहेर पडलेला पेन आत न्यायला परवानगी लागते. आधी हे सगळं खुळ्यासारखं वाटेल. महिन्याभरात सवय होईल, आणि मग घरच्या स्वयंपाकघरात आईला टोकायला लागशील, तेवढं सांभाळ.

वासाचंही सांगतो. व्हॅनिला, बटर, तळणीचं तेल, हे कपड्यांतून जात नाही. पहिले पंधरा दिवस बसमध्ये लोक वळून बघतात, वास किती छान म्हणतात. नंतर तुला स्वतःला बिस्किटाकडं बघवत नाही. आणि बघवत नसताना ते चाखायचं असतं, कारण सेन्सरी पॅनेलवर क्वालिटीची माणसं असतातच. तिसऱ्या पाळीच्या शेवटी, पहाटे पाचला, चार बॅचची नमकीन ओळीनं चाखून कोणती किंचित खवट आहे ते सांगायचं. ही जीभ तयार व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की आयुष्यभराची कमाई.

पाळीचं काम म्हणजे दर तासाची फेरी. ओव्हनचा बोगदा साठ-सत्तर मीटर, कुठं त्याहून लांब. त्याच्या तोंडाशी बिस्किटाची जाडी, रंग, ओलावा. पॅकिंगला वजन, सील, तारीख नीट छापली का. सीलसाठी पाकीट पाण्याखाली दाबून हवा खेचायची, बुडबुडे आले तर गळकं. तळणीच्या तेलाचे पोलर कंपाउंड बघायचे, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून किती खराब झालंय ते. २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ पासून कायद्यानं आहे, बहुतेक कंपन्या स्वतःची मर्यादा त्याहून खाली ठेवतात. प्रत्येक आकडा लिहायचा, वेळ टाकायची, सही करायची. तुझे सीनियर ज्या सह्यांना हसतात त्या ह्याच. आठ तासांची पाळी म्हणतात, पण पुढच्या पाळीला चार्ज देईपर्यंत साडेआठ-नऊ होतात. पाळी दर आठवड्याला फिरते. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरू नकोस.

पिळून काढतात का? काम अंग मोडणारं नसतं. दमवतं ते दुसरंच. त्यासाठी एका रात्रीचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही.

पॅकिंगच्या शेवटी मेटल डिटेक्टर असतो. दर तासाला त्यातून तीन चाचणी-तुकडे सोडून बघायचे, एक लोखंडाचा, एक बिगरलोखंडी धातूचा, एक स्टेनलेस स्टीलचा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे मणी असतात, प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेले. स्टेनलेसचा मणी सगळ्यात मोठा लागतो, कारण हे स्टील चुंबकाला दाद देत नाही आणि वीजही नीट वाहू देत नाही, मशिनला ते पकडणं अवघड. आणि गंमत बघ, कारखान्यातल्या चाळण्या, पाती, पट्टे सगळे त्याच स्टेनलेसचे. म्हणजे तुटून पडायची शक्यता ज्याची जास्त, तेच पकडायला सगळ्यात कठीण.

पाळीवर इस्लामपूरकडची एक मुलगी होती, तुझ्याएवढीच. दोनच्या फेरीला तिन्ही तुकडे पकडले गेले. तीनला स्टेनलेसचा तुकडा सरळ निघून गेला. परत सोडला, परत गेला. नियम असा की शेवटची चाचणी ज्या वेळी बरोबर आली, तिथपासूनचा सगळा माल थांबवायचा. म्हणजे तासाभराचा माल, पाच-सहा पॅलेट, पेट्या रचलेले पाट. तिनं लाल टॅग लावले. होल्ड. प्रॉडक्शनचा शिफ्ट इनचार्ज आला. माणूस वाईट नव्हता, तीन मुलींचा बाप. म्हणाला, 'मॅडम, दोनला ओके होतं ना? मधे काय आकाशातून पडणार आहे? सेटिंग हललं असेल, नीट करून घेतो, तुम्ही दोनवरच सही ठेवा.' तारीख होती ३०. खाली डॉकवर ट्रक उभा, गाडीवाला हॉर्न देत होता. तिनं टॅग काढले नाहीत. सकाळी सगळा माल दुसऱ्या लाइनच्या डिटेक्टरमधून पुन्हा सोडला.

काहीही सापडलं नाही. एक कणसुद्धा नाही.

सकाळच्या मीटिंगला तिला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, की क्वालिटीनं जरा प्रॅक्टिकल व्हायला पाहिजे. त्या वर्षी तिचं रेटिंग मधलंच राहिलं. ती बरोबर होती, शंभर टक्के बरोबर होती, कारण माल थांबवायचा निर्णय सकाळी काय सापडलं यावर तपासायचा नसतो, रात्री तिला काय माहीत होतं त्यावर तपासायचा असतो. पण हे त्या खोलीत म्हणणारा कुणी नव्हता. ती पुढं दुसऱ्या कंपनीत गेली. तिथं होल्डचा माल सोडायचा अधिकार प्लांटमध्ये कुणालाच नव्हता. मुख्य कार्यालयातल्या क्वालिटी हेडच्या लेखी मंजुरीशिवाय पॅलेट हलत नव्हतं. तिथंही प्रॉडक्शनवाले चिडायचे, पण चिडून काही होत नाही हे त्यांना माहीत होतं, त्यामुळं भांडण अंगावर यायचं नाही. दोन्ही कंपन्या मोठ्या, दोघींचे सर्टिफिकेट भिंतीवर सारखेच, कॅन्टीनचं जेवण तर पहिलीचं बरं. फरक एवढाच की रात्री लावलेला टॅग सकाळपर्यंत टिकायचा की नाही.

महिन्याच्या शेवटी हे जास्त होतं, त्याचं कारण ध्यानात ठेव, म्हणजे कुणावर व्यक्तिगत राग धरणार नाहीस. सेल्सचं टार्गेट महिन्याचं असतं. कंपनीतून डिस्ट्रिब्युटरकडं माल गेला की विक्री धरली जाते, दुकानातून गिऱ्हाइकानं उचलला की नव्हे. त्यामुळं २५ तारखेनंतर एरिया मॅनेजर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या डिस्ट्रिब्युटरच्या गादीवर बसून असतो, 'शेठ, अजून शंभर पेट्या घ्या, स्कीम लावतो.' शेठ कुरकुरत घेतो. ती मागणी त्याच रात्री प्लांटवर येऊन आदळते, आणि तिथं मध्ये उभी असते लाल टॅग हातात घेतलेली तू. इनचार्जही त्याच गिरणीत भरडला जातोय. त्याच्याशी बोलताना आवाज चढवू नकोस, फक्त टॅग काढू नकोस.

म्हणून मुलाखत झाली असली तरी एचआरला मेल कर आणि दोन गोष्टी विचार. एक, प्लांटचा क्वालिटी हेड कुणाला रिपोर्ट करतो, प्लांट हेडला की मुख्य कार्यालयातल्या क्वालिटीला? 'दोघांना' असं उत्तर येईल, तेव्हा पुढचं विचार, की त्याचं रेटिंग कोण देतं. दोन, होल्डवर गेलेला माल कोण सोडतं आणि त्याची नोंद कुठं राहते? एचआरला हे सांगता आलं नाही तर क्वालिटीमधल्या कुणाशी दहा मिनिटं फोनवर बोलू द्या म्हण. असं विचारल्यानं ऑफर जाईल अशी भीती वाटत असेल, तर सांगतो, चांगला क्वालिटी हेड असल्या प्रश्नानं खूश होतो. आणि जो नाराज होईल त्याच्या हाताखाली तुला जायचंच नाही.

आता सह्यांबद्दल. 'फक्त सह्या' म्हणणाऱ्यांना मॅगीची आठवण करून दे. २०१४ साली उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत एक नमुना उचलला गेला. शिसं आणि पाकिटावरचा 'एमएसजी (चव वाढवणारं अजिनोमोटो) घातलेलं नाही' हा दावा, यावरून पुढचं सगळं पेटलं. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, देशभर विक्री थांबवली, कंपनीनं दुकानादुकानांतून माल परत घेतला आणि नष्ट केला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. कंपनीची बाजू नीट ऐकून घेतली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांची मान्यताही रीतसर नव्हती, हे त्यातले मुद्दे. मान्यताप्राप्त अशा तीन प्रयोगशाळांत पुन्हा तपासायला सांगितलं, ते नमुने कंपनीनं राखून ठेवलेल्या पाकिटांतलेच होते. नोव्हेंबरात मॅगी परत दुकानात. कोण बरोबर, कोण चूक यावर आजही लोक भांडतात, ते सोड. तू एवढंच बघ, की एवढ्या मोठ्या प्रकरणाची दोरी शेवटी कशाकशावर आली. लेबलवरचं एक वाक्य, प्रयोगशाळेची मान्यता आणि कपाटात ठेवलेली जुनी पाकिटं. ही तिन्ही तुझ्यासारख्या पोरीच्या रोजच्या कामातली. कंट्रोल सॅम्पलच्या, म्हणजे असल्या राखून ठेवलेल्या पाकिटांच्या, खोलीत धूळ खात बसायचं काम आलं तर तोंड वाकडं करू नकोस.

पण सीनियरांचं सगळंच खोटं नाही. मोठ्या कंपनीत तुझ्या वाट्याला कामाचा एक लहानसा तुकडा येतो. आज तू संकेश्वरी आणि ब्याडगीचा मेळ स्वतः बसवतेस, एक तिखटासाठी, एक रंगासाठी. पोत्यात हात घालून मिरची मुठीत दाबतेस, कुरकुरली तर ठीक, चिवट दबली तर ओल आहे, भाव पाड नाहीतर परत पाठव. हे शिकायला लोकांची वर्षं जातात. तिथं मिरची पावडरच येईल, पुरवठादाराच्या सर्टिफिकेटसकट, ट्रक गेटवर थांबलेला. तू ठरल्या प्रमाणात पोती फोडून नमुना घेशील, लॅबला देशील, आकडा बसला की गाडी आत. मिरची कुणाची, कुठल्या पावसातली, तुला कळणारही नाही. ज्याला पदार्थाशी खेळायला आवडतं त्याला हे फार टोचतं. तू पत्रात मिरचीची खरेदी 'अंगावर' आहे असं लिहिलंयस. ओझं म्हणून लिहिलंस की कौतुकानं, ते मला कळलं नाही. तुलाच तपासून बघ. कौतुकानं लिहिलं असशील तर रांजणगावला तुझा जीव रमणार नाही. मग त्याच कंपनीत आरअँडडीची, म्हणजे नवे पदार्थ बसवायच्या विभागातली, जागा निघेपर्यंत वाट बघणं बरं.

मिळतं काय? शिस्त मिळते, आणि तीही कुणाच्या मर्जीवर नसलेली. तुझ्या मालकांनी उद्या ठरवलं की ही बॅच जाऊ दे, तर ती जाते. तिथं काही बिघडलं तर कारण शोधायची एक पद्धत असते, का, का, का असं विचारत मुळापर्यंत जायचं, उपाय लिहायचा आणि तीन महिन्यांनी तो टिकला का ते बघायचं. उपकरणं वेळेवर कॅलिब्रेट होतात, म्हणजे मोजमाप बरोबर दाखवतात का ते तपासलं जातं. बाहेरचे ऑडिटर येऊन दोन दिवस तुझीच कागदपत्रं उकरतात आणि तू समोर बसून उत्तरं देतेस. आपल्याकडं, गोकुळ शिरगाव म्हण की शिरोली म्हण, मसाल्यातली जाण असलेले पैशाला पासरी. ऑडिटसमोर न डगमगता बसणारं माणूस मिळत नाही. कुणाला मॉलमध्ये माल ठेवायचाय, कुणाला दुबईला पाठवायचाय, तिथं सगळे अडतात. तीन-चार वर्षं तिथं घासून परत आलीस तर तुला पगार विचारावा लागणार नाही, तू सांगायचा. माझा कौल इकडंच झुकतो, हे लपवत नाही.

भाच्याचं. हा प्रश्न तू घरी बोलली नाहीस, पण मला तो सगळ्यात सरळ वाटला. क्वालिटीचं माणूस दोन गोष्टींची हमी देतं. पाकिटातलं खाऊन कुणी आजारी पडणार नाही, आणि पाकिटावर लिहिलंय तेच आत आहे. साखर किती घालायची, पाच रुपयांचं पाकीट कुणासमोर लटकवायचं, जाहिरातीत कुठलं पोर नाचवायचं, हे तुझ्या टेबलावर ठरत नाही. शंभर ग्रॅम गोड बिस्किटांत सहज वीस-पंचवीस ग्रॅम साखर असते. ते तिथं स्पष्ट छापलेलं असतं आणि ते खरं आहे की नाही ते तू बघशील. पोटाला बाधणार नाही म्हणजे रोज खाण्यालायक, असं होत नाही. तू भाच्याला देत नाहीस ते बरोबरच करतेस, मीही नातवाला देत नाही. देतो कधीतरी, एसटीत बसल्यावर.

पण 'हे खाणं वाईट, म्हणून तिथली नोकरी वाईट' इथपर्यंत मी येत नाही. सकाळी सहाला कामावर जाणारा हमाल चहाबरोबर तेच पाच रुपयांचं पाकीट खातो. त्यात लोखंडाचा तुकडा असू नये, तेल जुनं असू नये, वजन कमी असू नये, ही जबाबदारी कुणीतरी घ्यायला पाहिजे की नको? आणि आतून काही बदलतच नाही असंही नाही. ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक असलेल्या फॅटची, मर्यादा २०२१ ला ३ टक्क्यांवर आणि २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. त्यासाठी बेकरीच्या मालाचं फॅट बदलावं लागलं, बिस्किटं मोडायला लागली, चव बिघडली, पुन्हा जमवली. ते करणारे तुझ्यासारखेच फूड टेक्नॉलॉजीवाले. तरीही एखादा दिवस असा येईल की लेबलवर असं काही छापायला सांगतील जे खोटं नाही पण खरंही वाटत नाही. 'गव्हाच्या गुणांनी भरपूर' आणि आत बहुतेक मैदा. तेव्हा तुझी हरकत लेखी नोंदव. जिथं ती नोंदवायची सोयच नसेल, तिथं दुसरी नोकरी शोधायला लाग, पण हातातली सोडायच्या आधी.

पप्पांना काय सांगायचं? गोकुळ आणि वारणा हीसुद्धा पॅकबंद खाद्यपदार्थांचीच मोठी घरं आहेत, हे त्यांना आधी सांग. पहाटे दारात येणारी पिशवी कुणीतरी रात्रीच भरलेली असते, म्हणजे रात्रपाळी तिथंही चुकणार नाही. तिथली जाहिरात निघाली तर जरूर अर्ज कर, दुधातलं काम उत्तम. पण जाहिरात कधी निघेल त्याच्या भरवशावर हातातली ऑफर सोडू नकोस. आणि त्यांची काळजी खोटी नाही. महिलांना रात्रपाळी द्यायची तर त्यांची संमती, घरापर्यंत ने-आण आणि सुरक्षेची सोय ही कंपनीची जबाबदारी आहे, ती कायद्यातली आहे. बस खोलीच्या दारात सोडते की हायवेच्या फाट्यावर, एवढंच बारकाईनं विचार. फाट्यावर असेल तर पहाटे तीनला त्या फाट्यावर काय असतं, ते पप्पांना घेऊन जाऊन बघून या. एकदा त्यांनी खोली बघितली, खोलीवरच्या चार मुली बघितल्या, गेटवरचा वॉचमन बघितला, की घरातला विरोध निम्मा होईल. बापाला नुसत्या बोलण्यानं पटत नसतं, नेऊन दाखवावं लागतं.

लेटर कंपनीचं असेल आणि त्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट आली तर जा. व्हेरिएबलवर किंवा हुद्द्यावर घासाघीस करत बसू नकोस, मोठ्या कंपनीतल्या पहिल्या नोकरीत तिथं फार काही हलत नाही. त्यापेक्षा जॉइनिंगची तारीख पुढं मागून घे. मसाल्याचा हंगाम आता भरात आहे, लोक वर्षाचं तिखट करून ठेवतायत, अशात मालकांना तोंडघशी पाडून जाऊ नकोस. त्यांना मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस. संध्याकाळी मशिनं बंद झाल्यावर केबिनमध्ये बसून सांग. ते रागावतील, मग चहा मागवतील, मग पगार वाढवतो म्हणतील. तो आकडा ऐकून घे, त्याच दिवशी उत्तर देऊ नकोस. जायचंच ठरलं तर जाण्याआधी एफएसएसएआयचं वार्षिक विवरणपत्र भरून दे, ३१ मेची मुदत असते आणि उशिराला दंड लागतो. लायसनच्या पोर्टलला मोबाइल नंबर तुझा दिला असशील, तो बदलून मालकांचा घाल, पासवर्ड वहीत लिहून दे. आणि मिरचीच्या व्यापाऱ्यांपैकी कुणाचं पोतं वरून कोरडं आणि तळाशी ओलं निघतं, ती यादी तुझ्या जागी येणाऱ्या पोराच्या हातात दे. ती कुठल्या पोर्टलवर मिळायची नाही.